माय एकटी असते : वस्तूंना लावलेले टॅग आणि आठ महिन्यांचा अनुभव (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बोरीकाठ

गेल्या श्रावणात माय मोरीत पाय घसरून पडली. सकाळी सहाची वेळ. दहा वाजता शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या, तेव्हा त्यांना ती दिसली. चार तास ती ओल्या फरशीवर पडून होती. मी पुण्यात होतो आणि रोजच्यासारखा रात्री आठला फोन करणार होतो. खुबा वाचला, मनगट मोडलं. पण ते चार तास अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी. घर जुनं धाब्याचं, मातीच्या दोन-दोन फुटी भिंतींचं. माय ७४ वर्षांची आहे. पुण्याला चार दिवसांच्या वर राहत नाही आणि मी तिला ओढून नेणार नाही. कॅमेरा लावतो म्हटलं तर म्हणाली, "दिनभर माले कोनी देखाले नको." मग मनगटावरचा पट्टा आणला, पडलं की फोन जाणारा. तो हातात घेऊन तिने गोठ्याकडे बोट केलं. गाईच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला आहे. "मी काय गाय शे का, कानमा बिल्ला टोचाले?"

त्या वाक्याने मी गप्प झालो. आणि वाटही त्याच वाक्यातून सापडली. माणसाला बिल्ला नको, तर वस्तूंना लावू.

मी चाकणला गोदामात काम करतो. खोक्यांवर आरएफआयडीचे स्टिकर असतात, दारातून खोकं गेलं की नोंद होते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग तो हाच प्रकार. या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि तिच्या दोन्ही बाजूंना चपटा धातूचा अँटेना, बस. रीडर, म्हणजे ते वाचणारं यंत्र, रेडिओलहरी सोडतो, चिप त्याच लहरींवर जागी होते आणि आपला नंबर त्याच लहरी परतवून सांगते. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. त्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर.

आता यात माणूस कुठे आला? आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. स्टिकर लावलेली बरणी हातात धरली की तिचं उत्तर दबतं किंवा बंदच होतं. बरणी जागची हलली की परत येणाऱ्या लहरीचा जोर बदलतो. गोदामात हीच आमची डोकेदुखी असते. स्वयंपाकघरात तीच कामाला आली. चहापत्तीची बरणी साडेपाचला थरथरली, म्हणजे माय उठली.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत सिएटलला इंटेलची प्रयोगशाळा आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी मिळून हे वीसेक वर्षांपूर्वी केलं होतं. २००४ मध्ये मत्थाई फिलिपोज आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या प्रयोगात एका घरातल्या १०८ वस्तूंना टॅग होते आणि १४ माणसांनी रीडर बसवलेला हातमोजा घालून रोजची कामं केली: चहा करणं, औषध घेणं, दात घासणं अशा १४ प्रकारांतली. यंत्राने जी कामं ओळखली त्यांतली ८८ टक्के बरोबर होती आणि प्रत्यक्ष झालेल्या कामांपैकी ७३ टक्के त्याला सापडली. पण हातमोजा घालून भाकरी थापायची कशी? पुढे त्यांनीच विस्प नावाचा टॅग केला. तोही बिनबॅटरीचा, पण त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर, त्यामुळे हातात काही घालायला नको. तो मला मिळणारा नव्हता. मी साधे स्टिकर घेतले आणि गोदामातून बाद झालेला एक रीडर अकरा हजारांना विकत घेतला.

दिवाळीत जोडणी केली. कशाला टॅग लावायचा हे मायने ठरवलं. चहापत्ती, साखर, पिठाचा डबा, औषधांची पेटी, रेडिओ, झाडू, किल्ली वगैरे. अकरा वस्तू झाल्या. देवघरातल्या घंटीला नाही म्हणाली, मोरीतल्या तांब्यालाही नाही. मला मोरीचाच सगळ्यात जास्त धाक होता, तरी मी हट्ट केला नाही.

पहिली अडचण डब्याची. पिठाचा डबा स्टीलचा, तिच्या लग्नातला. धातूवर स्टिकर चिकटवला की तो मुकाच होतो, कारण धातूच्या जवळिकीने अँटेनाचा सूर बिघडतो. प्लॅस्टिकचा डबा आणला तर तिने तो शेंगदाण्यांना दिला. शेवटी जुन्या चपलेच्या तळव्याचा पाच मिलिमीटर जाडीचा रबरी तुकडा कापला, झाकणावर चिकटवला आणि त्यावर स्टिकर लावला. बोलायला लागला. चार मीटरवरून नाही, दीड मीटरवरून. आमच्या स्वयंपाकघराला तेवढं पुरतं.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. लाइट गेली की रीडर बंद, आणि मग सगळंच शांत. घर शांत आहे की यंत्र मेलंय, हे पुण्यात बसून कळणार कसं? त्यासाठी एक टॅग भिंतीवर खिळ्याला लटकवला, कोणीच हात लावत नाही असा. तो ऐकू येतोय म्हणजे रीडर जिवंत आहे. तोही गप्प झाला तर काळजी मायची नाही, विजेची.

आणि खबर जाते कुठे? मला नाही. मी साडेतीनशे किलोमीटरवर बसून काय करणार? अक्कांच्या ओसरीत एक हिरवा झिरोचा दिवा लावलाय. सकाळी मायने चहापत्ती आणि साखर दोन्ही उचलली की तो पेटतो. आठपर्यंत पेटला नाही तर अक्का रस्ता ओलांडून येतात. एवढंच.

खानदेशातल्या कितीतरी घरांत आज म्हातारी माणसं एकटी आहेत, पोरं पुणे-सुरत-नाशिकला. कोणी असं काही केलं असेल, किंवा याला विरोध असेल, तर लिहा. मला दोन्ही ऐकायचंय.

पांझराकाठची

धुळ्याला मी फिजिशियन आहे. ते चार तास तुमच्या डोक्यातून जात नाहीत हे बरोबरच आहे. पडण्यापेक्षा पडून राहणं कित्येकदा जास्त महागात पडतं. एकाच अंगावर तासन्तास दाब आला की स्नायू आतून मरतात, त्यांतून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. त्यात पाणी नाही, गारठा आहे. हाड न मोडलेला म्हातारा माणूसही असा हातचा जातो. ही वेळ दहाऐवजी आठवर आणणं म्हणजे थोडंथोडकं काम नाही.

आमच्याकडे सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली एक जुनी मोजपट्टी आहे. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठून बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. ही सहा कामं माणूस आपलं आपण करतो का, इतकंच बघायचं. मी नातेवाइकांना विचारते तेव्हा नेहमी एकच उत्तर येतं, "सगळं ठीक आहे, फोनवर छान बोलतात." फोनवर सगळेच छान बोलतात. तुमच्या टॅगमधून मला हवं ते वेगळं आहे. साडेपाचचा चहा दोन महिन्यांत हळूहळू सातवर गेला का? औषधांची पेटी दिवसाआड उघडली जाते का? पडण्याआधीचा थकवा असाच दिसतो. ती नोंद ठेवता का?

बोरीकाठ

ताई, नोंद सात दिवसांची ठेवतो, घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर. मग आपोआप पुसली जाते. तुम्ही म्हणता तो हळूहळू होणारा बदल सात दिवसांत दिसणार नाही, हे मान्य. मायला विचारून फक्त चहाची वेळ, दिवसाला एक आकडा, महिनाभर ठेवता येईल. तिला विचारतो.

गिरणेचं पाणी

दादा, मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एवढा खटाटोप कशाला? पीआयआर सेन्सर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, आपोआप दिवा लावणारा असतो तोच. प्रत्येक खोलीत एक लावला की झालं. शिवाय मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून, यंत्रालाच पॅटर्न शिकवता येईल.

बोरीकाठ

पीआयआर मीही लावला होता, ओसरीत. फेब्रुवारीपर्यंत उत्तम चालला. एप्रिलच्या मध्यावर दुपारचा आंधळा झाला. हा सेन्सर शरीराची उष्णता बघतो, म्हणजे खरं तर मागच्या भिंतीपेक्षा शरीर किती वेगळं आहे ते बघतो. आपल्या कातडीचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास. भिंतही तेवढीच तापली की त्याच्या लेखी माणूस आणि भिंत एकच. भिंत फारच तापली तर माणूस उलट थंड म्हणून पुन्हा दिसायला लागतो, पण मधल्या वेळात काही खरं नाही. तुमच्या जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. थंड हवेच्या देशात बसून लिहिलेल्या माहितीपत्रकात ही गोष्ट ठळक दिसत नाही.

टॅगलाही उन्हाळ्याने छळलंच, पण वेगळ्या तऱ्हेने. छताचा पंखा चालू झाला त्या दिवशी अकराच्या अकरा टॅग एकदम थरथरायला लागले. पंख्याची पाती धातूची, फिरता फिरता लहरी इकडेतिकडे उडवतात. मला वाटलं सगळं वाया गेलं. दोन रात्री आकडे बघत बसलो, मग लक्षात आलं की पंख्याने सगळे टॅग एका तालात हलतात, भिंतीवरचा खिळ्याचा टॅगसुद्धा. मायच्या हाताने एकच हलतो. मग नियम सोपा झाला: खिळ्याचा टॅग जेवढा हलला तेवढं बाकीच्यांतून वजा करायचं.

मशीन लर्निंगबद्दल सांगतो, रागावू नका. अकरा वस्तू आणि एक बाई. यंत्राने काय ठरवलं आणि का, हे मला मायला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. "चहा आणि साखर उचलली की दिवा" हे तिला कळतं, म्हणून ती त्यावर भरवसा ठेवते. तुम्ही शिकताय, तुम्ही जरूर करून बघा. पण ज्याच्या घरात लावायचं त्याला समजेल इतपतच ठेवा.

गिरणेचं पाणी

पंख्याचं वजा करणं भारी आहे. प्रोजेक्टला हेच घेऊ का? आमच्या घरी आजी आहे, तिला विचारून.

एक शंका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात दीना कताबी यांच्या गटाने २०१३ मध्ये वायफायसारख्या लहरींनी भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल ओळखून दाखवली. टॅगच नको. ते जास्त सोयीचं नाही का?

बोरीकाठ

आजीला विचारून, हे आधी लिहिलंत ते फार आवडलं. जरूर घ्या.

शरीरावर आपटून आलेली लहर वाचायची ही ती पद्धत. आता २४ गिगाहर्ट्झचे छोटे रडार सेन्सरही स्वस्तात मिळतात, निजलेल्या माणसाच्या छातीची हालचालसुद्धा ओळखतात. पण टॅग आणि ते यांत एक फरक आहे. टॅग नको असेल तर माय बरणीवरचा स्टिकर नखाने खरवडून काढू शकते. भिंतीतून येणारी लहर ती कशी काढणार?

दोन पाळ्या

विषय आईचा आहे, पण मला दुसरी बाजू लिहायची आहे. मी कारखान्यात कामाला आहे, कोणत्या ते सांगत नाही. आमच्या गळ्यात कार्ड आहे, त्यात हाच लांबून वाचता येणारा टॅग. आधी म्हणाले हजेरीसाठी. मग कँटीनच्या दारावर अँटेना आला, मग संडासच्या पॅसेजमध्ये. महिनाअखेर कागद मिळतो, किती मिनिटं जागेवर नव्हतो त्याचा. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला साखर आहे, त्याला दर तासाला जावं लागतं. तो आता दुपारी पाणी पीत नाही. मे महिन्यात.

ही आमच्या एकट्याची गोष्ट नाही. नागपूर आणि चंदीगडला सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दोन वेळा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. सातपुड्यात रेंज नसली तर दिवसभर राबूनही हजेरी लागेल की नाही याचा घोर. तंत्र तेच आहे हो. तुमच्या मायला नको म्हणता आलं. आम्हाला येत नाही.

बोरीकाठ

तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी ज्या गोदामात काम करतो तिथे अजून टॅग खोक्यांवरच आहेत. माणसांवर आणायचं बोलणं मागच्या वर्षी निघालं होतं आणि मी त्या बैठकीत गप्प बसलो होतो. पुढच्या वेळी गप्प बसणार नाही.

काळा कोट, पांढरी बाजू

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे कंपनीला आईची परवानगी घ्यावी लागेल, पोटच्या पोराला नाही. कायद्याने ही जागा मोकळी सोडली आहे, ती तुम्ही आईला विचारून भरलीत. इतरांनीही तेवढं करावं.

दोन पाळ्या, तुमच्या प्रश्नावर एकट्याने अर्ज करू नका, दहा जणांनी मिळून करा. काय काय नोंद ठेवली जाते ते लेखी मागा. मजकुरासाठी मदत लागली तर इथेच निरोप टाका, पैसे घेणार नाही.

सातपुड्याचा माणूस

मी शिरपूरचा. वय ७६. शिक्षक होतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी नाशिकला. या धाग्यावर सगळे आमच्याबद्दल बोलताहेत, आमच्यातला कोणी बोलला नाही, म्हणून लिहितो.

मुलगी दिवसातून तीनदा फोन करते. चहा पिधा का, गोळी घेतली का, संडास झाली का. प्रेमाने विचारते, पण तिसऱ्या फोनला मी खोटं बोलतो. जेवलो नसलो तरी जेवलो म्हणतो, कारण नाही म्हटलं की ती रडते. असा आमचा दोघांचा दिवस जातो. मी उठलो, हिंडतोफिरतो आहे, हे जर तिला न विचारता कळलं तर तिचा फोन येईल तेव्हा आम्ही दुसरं काही बोलू. तिच्या शाळेतलं, माझ्या वांग्यांचं. माझी भूक तेवढीच आहे.

पण मी रात्री किती वेळा उठतो, कोणत्या खोलीत किती वेळ बसतो, फोटोसमोर किती वेळ बसतो, हे मोजलं जाऊ नये. ते माझं आहे.

बोरीकाठ, एक विचारतो. तुमच्या आईला हे लावल्यापासून कसं वाटतं? अक्कांना सांगते ते नाही, खरं काय ते.

बोरीकाठ

जिभाऊ, तुमचा प्रतिसाद मी मायला फोनवर वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

खरं सांगतो. पहिला महिना तिला आवडलं नाही. सकाळी बरणी उचलताना आपल्याला कोणी ऐकतंय असं वाटायचं. दोनदा तिने मुद्दाम आठपर्यंत चहाच केला नाही, अक्का येतात का ते बघायला. अक्का दोन्ही वेळा आल्या, मग दोघींनी मिळून चहा घेतला. तिसऱ्या वेळी मुद्दाम नव्हतं. मार्चमध्ये तापाने फणफणली होती, उठवत नव्हतं. अक्का आठ वाजून पाच मिनिटांनी दारात होत्या, दहाला सलाईन लागलं होतं.

चुकाही झाल्या. वैशाखात सखाराम महाराजांच्या रथाला ती आदल्या रात्रीच अमळनेरला पाहुण्यांकडे गेली, आणि सकाळी अक्का कुलूप बघून घाबऱ्या झाल्या. तोवर किल्लीच्या टॅगचा मी काही उपयोगच केला नव्हता. आता किल्ली घराबाहेर गेली की पिवळा दिवा लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी-भाच्या माहेरी आल्या, घर भरलं, दिवसभर प्रत्येक बरणी हलत होती. तेव्हा मायने स्वतः यंत्राची पिन काढून ठेवली. काढायची हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आखाजी उरकल्यावर मी पुण्याला निघालो तेव्हा तिने थांबवलं. अक्कांचा मुलगा सुरतेला असतो, सून त्याच्याबरोबर. माय म्हणाली, "तिना बी दिवा मना घर लाव. ती बी एकलीच शे."

सहा महिने मी अक्कांना पहारेकरी समजत होतो, आणि त्याही ७० च्या आहेत हे माझ्या मनात आलं नव्हतं. रीडर दुसरा नव्हता, म्हणून अक्कांच्या घरी साधा प्रकार केला: चहापत्तीच्या फडताळाच्या दाराला लोहचुंबकाचा स्विच. दार उघडलं की आमच्या ओसरीतला दिवा पेटतो. आता सकाळी दोघी आपापल्या ओसरीत येऊन समोरचा दिवा बघतात. आधी कोणाचा पेटला यावरून रोज बोलणं होतं म्हणे.

पांझराकाठची

चहाची वेळ महिनाभर ठेवण्याचं मायला विचारलंत का?

बोरीकाठ

विचारलं. हो म्हणाली, पण वहीत. रोज स्वतः लिहिते, कॅलेंडरच्या चौकटीत. आज ५:४०.

सातपुड्याचा माणूस

मुलीशी बोललो. रविवारी ती येते आहे. मी यादी केली: चहाचं पातेलं, चष्म्याचं घर, बागेतली झारी. काठीला नको आणि फोटोच्या चौकटीला नको. पातेलं आणि झारी दोन्ही धातूची आहेत, तर तो चपलेचा रबरी तुकडा किती जाडीचा लागेल ते पुन्हा एकदा सांगा. माझ्या समोर एक निवृत्त पोस्टमन राहतात, तेही एकटेच. दिवा त्यांना विचारून लावीन, आणि त्यांचा माझ्याकडे.

बोरीकाठ

पाच मिलिमीटर, जिभाऊ. झारीला मात्र मुठीवर लावा, पाण्यापासून लांब. स्टिकर मी रविवारच्या आत पोचतील असे पाठवतो, वीस आहेत, पोस्टमनकाकांनाही पुरतील.